मोजणारा

ग्युमरीत, चांभाराच्या दुकानाखाली
बारा पायऱ्या उतरलं की आमची व्यायामशाळा.
छत इतकं बुटकं, की उभ्याने डोक्यावर बार नेता येत नाही.
म्हणून आडवं पडायचं. म्हणून छातीच.
वराझदात म्हणतो, इथे बाकी काही वाढायला जागाच नाही.

बाकाचं रेक्झिन तीनदा फाटलं, तीन रंगांत शिवलं.
वीस किलोच्या एका चकतीचा टवका उडालाय,
ती तीनशे ग्रॅमने हलकी.
त्या बाजूला आम्ही एक बिनकिल्लीचं कुलूप अडकवतो.
वजन वर जाताना ते किणकिणतं.

पहिला महिनाभर मला नुसता झाडूचा दांडा.
खांद्याची पाती मागे खेच,
मध्ये अक्रोड धरलायस असं समज.
तळवे जमिनीला. कोपरं फाकवू नकोस कोंबडीसारखी.
खाली आणताना श्वास आत.
टेकव, आपटू नकोस,
छाती आहे, ऐरण नाही.

मग डंबेल्स: हात पसरायचे, अगदी बाजूला,
आणि सावकाश परत आणायचे
जाड बुंध्याला कवळ घातल्यासारखे.
मला घाई होती. अठरा वर्षांचा होतो,
आरशात दिसेल असं काहीतरी हवं होतं,
पावाच्या रांगेत अनुश एकदा वळून बघेल, इतपत.

तो बारला कॉलर कधीच लावत नाही.
अडकलो तर एका बाजूला कलायचं, म्हणतो,
चकत्या घसरतात, माणूस सुटतो.
मी मागे उभा असलो तरी लावत नाही.
माझं काम मोजायचं. मोठ्याने.
बोट लावायचं नाही मी सांगेपर्यंत,
पण आवाज थांबता कामा नये.

सात डिसेंबरला अख्खं गाव कब्रस्तानात जातं.
तो तिथूनच आला, इस्त्रीच्या पँटमध्ये,
बुटांना ओली माती.
एकशे दहा लाव, म्हणाला.

एक. दोन. तीन.
तोंडातून वाफ निघत होती, माझ्याही, त्याच्याही.
चार.
पाचला मला ठसका लागला.

बार छातीवर उतरला आणि तिथेच राहिला.
कुलूप गप्प.
माझे दोन्ही पंजे बारखाली, चार बोटांवर,
लावू की नको.
त्याचे डोळे छताकडे, पण छत बघत नव्हते.
मग आवाज आला. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा नव्हता तो.
"पुढे?"
मी खोकतोय.
"पुढे किती?"

सहा, म्हटलं मी. हललं नाही काही.
सहा, सहा, सात, ओरडलो मी, जे सुचेल ते,
आणि कुलूप किणकिणलं,
बार वाकडातिकडा, एका खांद्यावर कलत,
वर गेला.

बराच वेळ तो बाकाच्या कडेला बसून होता.
शर्टावर बारच्या गंजाची आडवी रेघ.
"शुशान मोजत होती," म्हणाला.
"पलीकडच्या खोलीत. म्हणजे खोली नव्हतीच तेव्हा.
दोन वर्षांनी मोठी माझ्याहून, गणितात कच्ची.
दोनशे बारापर्यंत मी ऐकलं."

काय बोलायचं असतं अशा वेळी, मला माहीत नव्हतं.
अजूनही नाही.
वर चांभार एकाच टाचेत खिळे मारत होता.

मग त्याने टॉवेलने रेक्झिन पुसलं,
लाल, निळं, तपकिरी.
"तू सहा तीनदा मोजलेस," म्हणाला.
"ते एकच धरायचं. चल, आडवा हो. किती लावू?"

रोज मी भांडून पाच किलो जास्त मागायचो.
"नुसता बार," म्हटलं.

तो मागे येऊन उभा राहिला.
कॉलर खिळ्याला लटकत होत्या, तशाच राहिल्या.
त्या बाजूने छत पहिल्यांदाच नीट पाहिलं मी:
फारच जवळ आहे.
एक, म्हणाला तो.